युनोमिया : नेपल्सच्या आकाशातील एक नाव

२९ जुलै १८५१ च्या रात्री नेपल्सच्या कापोदिमोन्ते टेकडीवरील वेधशाळेत अनिबाले दे गास्पारिस या एकतीस वर्षांच्या खगोलवेत्त्याला एक नवा लघुग्रह सापडला. अशा शोधाची रीत त्या काळी अत्यंत कष्टाची होती. छायाचित्रणाची कला अजून या कामी आली नव्हती. आकाशाच्या एकेका तुकड्याचा नकाशा पुढे ठेवायचा, दुर्बिणीतून दिसणारा प्रत्येक तारा त्या नकाशाशी ताडून पाहायचा, आणि नकाशात नसलेला एखादा ठिपका आढळला तर पुढील रात्री तो जागचा हलला आहे काय हे पाहायचे. हलला असेल तर तो तारा नव्हे. सूर्याभोवती फिरणारा आपल्याच कुटुंबातील कोणीतरी आहे, हे निश्चित. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणारा हा पंधरावा लघुग्रह. त्याला 'युनोमिया' हे नाव मिळाले.

आज या पाषाणाविषयी आपल्याला पुष्कळ माहिती आहे. त्याचा व्यास अडीचशे किलोमीटरांहून अधिक आहे; नेपल्स ते रोम हे सरळ अंतर त्यात सहज मावावे. लघुग्रहांच्या पट्ट्यात जे खडकाळ जातीचे म्हणून ओळखले जातात, त्या सर्वांत तो मोठा. सिलिकायुक्त खडक आणि त्यात मिसळलेले लोह व निकेल अशी त्याची घडण आहे. सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करण्यास त्याला सुमारे ४.३ वर्षे लागतात, परंतु स्वतःभोवती तो अवघ्या सहा तासांत फिरतो. पुरातन काळी त्याच्यावर मोठा आघात झाला असावा, कारण त्याच जातीच्या खडकांचे हजारो लहान तुकडे जवळपासच्या कक्षांतून फिरताना आढळतात. नुसत्या डोळ्यांना युनोमिया दिसत नाही. मात्र अनुकूल प्रतियुतीच्या सुमारास साध्या द्विनेत्री दुर्बिणीतूनही तो सापडू शकतो.

परंतु या लेखाचा विषय तो पाषाण जितका आहे, तितकेच त्याचे नाव आहे.

ग्रीक भाषेत 'यू' म्हणजे चांगले आणि 'नोमोस' म्हणजे नियम, कायदा. नव्या करारात संत पौल मोशेच्या नियमशास्त्राविषयी लिहितात, तेथे हाच 'नोमोस' शब्द येतो. युनोमिया म्हणजे सुनियमांचे राज्य, सुव्यवस्था. ग्रीकांच्या पुराणकथेत ती थेमिस या देवतेची कन्या. डिके म्हणजे न्याय आणि आयरीन म्हणजे शांती या तिच्या भगिनी. योगायोग असा की, यांपैकी शांती त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमध्ये सापडली होती. जॉन रसेल हाइंड यांनी १९ मे रोजी शोधलेल्या चौदाव्या लघुग्रहाला 'आयरीन' हे नाव मिळाले. त्या महिन्यात लंडनला जगातील सर्व राष्ट्रांच्या उद्योगधंद्यांचे भव्य प्रदर्शन भरले होते, आणि शांतीचे युग आले अशी लोकांची भावना होती. लंडनच्या आकाशात शांती शोभून दिसली. नेपल्सच्या आकाशात सुव्यवस्था कितपत शोभत होती, हे आता पाहू.

नेपल्स ही त्या वेळी दोन सिसिलींच्या राज्याची राजधानी होती. राजा दुसरा फर्डिनांड हा बूर्बोन घराण्यातील. १८४८ च्या प्रारंभी लोकांच्या दडपणाखाली त्याने राज्यघटना दिली, पार्लमेंट बोलावण्याचे मान्य केले. पण १५ मे रोजी नेपल्सच्या रस्त्यांवर रक्त सांडले, आणि पुढील वर्षी पार्लमेंट कायमचे मोडीत निघाले. सिसिलीतील मेसिना शहरावर तोफा डागल्यामुळे 'बोम्बा' हे टोपणनाव त्याला चिकटले, ते मरेपर्यंत सुटले नाही. घटना मागणारे वकील, प्राध्यापक, माजी मंत्री तुरुंगात पडले. कार्लो पोएरियो हे १८४८ साली शिक्षणमंत्री होते. १८५१ च्या आरंभी त्यांना चोवीस वर्षे बेड्यांची शिक्षा झाली.

त्याच हिवाळ्यात इंग्लंडचे ग्लॅडस्टन कुटुंबासह नेपल्सला राहावयास आले होते. ते क्रांतिकारक नव्हते. उलट त्या वेळी ते परंपरावादी पक्षाचेच होते. ते न्यायालयात जाऊन बसले, तुरुंगात जाऊन आले, बेड्यांत जखडलेल्या पोएरियोंना भेटले. मायदेशी परतल्यावर लॉर्ड अ‍ॅबर्डीन यांना उद्देशून लिहिलेली दोन पत्रे त्यांनी प्रसिद्ध केली. त्यांत त्यांनी नेपल्सच्या राज्यकारभाराला थेट ईश्वरद्रोहाच्या पंक्तीला बसविले. ही पत्रे प्रसिद्ध झाली १८५१ च्या जुलै महिन्यात. म्हणजे ज्या महिन्यात नेपल्सच्या कायद्याची अब्रू युरोपभर चव्हाट्यावर आली, त्याच महिन्यात नेपल्सच्या टेकडीवर 'सुनियम' सापडला.

या नावामागे टोमणा होता, असे मी म्हणत नाही. लघुग्रहांना ग्रीक आणि रोमन देवतांची नावे देण्याची प्रथाच होती, आणि आयरीनच्या पाठोपाठ तिच्या भगिनीचे नाव यावे हे स्वाभाविक होते. पण वेधशाळेच्या भिंती राजकारण बाहेर थोपविण्याइतक्या जाड नव्हत्या. दे गास्पारिस यांचे वरिष्ठ एर्नेस्तो कापोच्ची हे १८३३ पासून वेधशाळेचे संचालक होते. १८४८ मध्ये ते पार्लमेंटवर निवडून आले होते. १८५० मध्ये राजाने त्यांना पदावरून दूर केले. म्हणून युनोमिया सापडली त्या रात्री संचालकाच्या खुर्चीवर लेओपोल्दो देल रे होते. गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, याच कापोच्चींनी एका वर्षापूर्वी राजघराण्याचे नाव आकाशात चढविले होते. १२ एप्रिल १८४९ रोजी दे गास्पारिस यांनी आपला पहिला लघुग्रह शोधला, तेव्हा कापोच्चींनी त्याला 'इजेआ बोर्बोनिका', म्हणजे बूर्बोनांची आरोग्यदेवता, असे नाव ठेवले. तीनच वर्षांत खगोलवेत्त्यांनी 'बोर्बोनिका' गाळून टाकले. आज तो केवळ 'हायजिया' आहे.

राजाश्रयाची ही परंपरा नेपल्सच्या खगोलशास्त्रात जुनीच होती, आणि तिच्या मुळाशी आपल्यापैकीच एक धर्मगुरू उभे आहेत. फादर जुझेप्पे पियाझी हे थिएटाइन संघाचे. हा संघ संत कायतान यांनी स्थापिला; त्यांचे देहावसान १५४७ मध्ये नेपल्सलाच झाले. सतराव्या शतकात याच संघाचे इटालियन धर्मगुरू गोव्यात आले आणि त्यांनी जुन्या गोव्यात ते देखणे, घुमटाचे चर्च बांधले, जे आपण सेंट कायतान चर्च म्हणून ओळखतो. तर या फादर पियाझींनी १ जानेवारी १८०१ रोजी, नव्या शतकाच्या पहिल्याच रात्री, पालेर्मो येथे पहिला लघुग्रह शोधला. त्याचे नाव त्यांनी 'सेरेस फर्डिनांडेआ' ठेवले. सेरेस ही सिसिलीची धान्यदेवता, आणि फर्डिनांड हा त्यांचा आश्रयदाता राजा, ज्याचा नातू पुढे 'बोम्बा' ठरला. तेथेही 'फर्डिनांडेआ' टिकले नाही. उतारवयात फादर पियाझींना नेपल्सला बोलावून कापोदिमोन्तेच्या अर्धवट राहिलेल्या वेधशाळेचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. १८२६ मध्ये त्यांनी नेपल्सलाच प्राण सोडला. दे गास्पारिस ज्या इमारतीत रात्र रात्र जागले, ती या धर्मगुरूच्या देखरेखीखाली पूर्ण झाली होती.

फादर पियाझींना मी दोष देत नाही. त्यांना दुर्बीण हवी होती आणि दुर्बीण राजाच्या खजिन्यातून येत होती. पण हाच व्यवहार ख्रिस्तसभेने संपूर्ण राज्यात केला, तेव्हा त्याची किंमत मोठी पडली. १८१८ च्या करारानुसार या राज्यातील बिशपांची नावे सुचविण्याचा हक्क राजाकडे होता. १८४८ च्या नोव्हेंबरात पोप नववे पायस यांना रोममधून निघावे लागले, तेव्हा त्यांना आसरा दिला तो याच फर्डिनांडने, गाएटा येथे. हायजिया सापडली त्या दिवशी पोप गाएटालाच होते, आणि बरोबर एका वर्षाने, १२ एप्रिल १८५० रोजी, ते रोमला परतले. संकटात दार उघडणाऱ्या यजमानाच्या तळघरात कोण कोंडले आहे, हे विचारणे पाहुण्याला जड जाते. माणूस म्हणून मला ते समजते. परंतु ज्या नेपल्समध्ये संत थॉमस अ‍ॅक्विनस शिकले आणि पुढे शिकविते झाले, ज्यांनी विवेक आणि लोकहित यांच्यावाचून कायद्याला कायदाच मानले नाही, त्या नेपल्समध्ये अन्यायी खटल्यांविरुद्धचा जगाने ऐकलेला आवाज एका अँग्लिकन इंग्रजाचा असावा, हे मनाला लागते. सेमिनरीत आम्ही संत थॉमसचे कायद्यावरील विवेचन घोकून पाठ केले होते. नेपल्सच्या या खटल्यांविषयी मात्र मी फार उशिरा वाचले.

थोडे आणखी त्या नावाविषयी. प्रारंभी प्रत्येक लघुग्रहाला एक चिन्ह देत. युनोमियाचे चिन्ह होते एक हृदय आणि त्याच्या माथ्यावर तारा. आपल्या घराघरांत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते, त्यामुळे हे चिन्ह प्रथम पाहिले तेव्हा मी चकित झालो. पण दोहोंचा काही संबंध नाही. लघुग्रहांची संख्या वाढली, चिन्हे काढता काढता लोक कंटाळले, आणि वर्तुळातील आकडा पुरेसा ठरला. १८५३ मध्ये दे गास्पारिस यांनी चोविसावा लघुग्रह शोधला. त्याला नाव दिले रोमच्या वेधशाळेतील येशूसंघीय फादर आंजेलो सेक्की यांनी : 'थेमिस', युनोमियाची माता. डिके मात्र, म्हणजे न्याय, बराच काळ सापडली नाही. ती मिळाली १८६८ मध्ये, तीही नेपल्सला नव्हे, फ्रान्समधील मार्सेयला. तिचा क्रमांक नव्व्याण्णव.

तोवर नेपल्सचे राज्य उरले नव्हते. पोएरियोंना १८५९ मध्ये इतर कैद्यांसह अमेरिकेला हद्दपार करण्यासाठी जहाजावर चढविण्यात आले. त्यांनी ते जहाज आयर्लंडकडे वळवावयास लावले आणि ते मुक्त झाले. त्याच वर्षी फर्डिनांड मरण पावला. पुढील वर्षी, ७ सप्टेंबर १८६० रोजी, गॅरिबाल्डी नेपल्समध्ये शिरला, आणि बूर्बोनांचे राज्य संपले. दहा वर्षांपूर्वी काढून टाकलेले कापोच्ची पुन्हा टेकडीवर गेले, आपल्या जुन्या खुर्चीवर बसले. १८६४ मध्ये ते वारले, तेव्हा संचालकपद दे गास्पारिस यांच्याकडे आले. तोवर ते एकत्रित इटलीच्या सिनेटचे सभासदही झाले होते. १८८९ पर्यंत त्यांनी ती वेधशाळा सांभाळली.