अंगणात आलेली शाळा

विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या शिक्षणविषयक इतिहासात विद्यापीठे आणि महाविद्यालये यांची नोंद विस्ताराने झालेली आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला. वस्तुतः ‘शाळा म्हणजे काय?’ हा प्रश्न मुळापासून विचारला गेला तो याच क्षेत्रात, आणि तोही बोर्डीसारख्या एका किनाऱ्यावरच्या गावात.

या विचाराचा उगम दूरचा आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील श्रमिकांच्या वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू करून ती पद्धती गुजराती मातीत रुजवली. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार चालविले. तथापि या सर्व संस्थांचा लाभ मुख्यतः शहरी, सुस्थितीतील कुटुंबांनाच मिळत होता. वस्तीसाठी जन्मलेली पद्धती वस्तीपासूनच दुरावली होती.

ही विसंगती दूर करण्यासाठी ताराबाईंनी १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्याच वर्षी त्यांच्या सहकारी झाल्या. गावात बालवाडी उघडली. परंतु ज्यांच्यासाठी ती मुख्यतः उघडली, त्या दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, असा निर्णय झाला. बालवाडी वस्तीतल्या अंगणात भरू लागली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला.

अंगणात माँटेसरींची महागडी साधने नेणे शक्य नव्हते. त्या साधनांमागील शास्त्र मात्र सूक्ष्म होते. उदाहरणार्थ, गुलाबी मनोऱ्यात एक ते दहा सेंटीमीटर बाजूचे दहा ठोकळे असतात. रंग एक, आकार एक, भेद केवळ लहानमोठेपणाचा. ठोकळ्याची जागा चुकली की मनोऱ्याकडे पाहूनच मुलाला आपली चूक उमगते. सांगावे लागत नाही. बोर्डीत या साधनांची जागा शंखशिंपले, बिया, पाने, काटक्या, खडे आणि माती यांनी घेतली. शिंपले लहानमोठे लावणे, बियांच्या राशी वेगळ्या करणे, काटक्या मोजणे, मातीचे आकार घडविणे, गाणे, गोष्ट, स्नान, केस विंचरणे: हाच अभ्यासक्रम ठरला.

हा बदल केवळ काटकसरीचा होता, असे मानणे चुकीचे ठरेल. शिंपल्यांच्या राशीत आकार, रंग आणि पोत यांची सरमिसळ असते. मुलाची चूक ती राशी दाखवून देत नाही. ते काम शिक्षिकेच्या नजरेला करावे लागते. साधन जितके साधे, तितकी शिक्षिका जाणती हवी. म्हणूनच बालसेविकांचे प्रशिक्षण हे या प्रयोगाचे खरे भांडवल होते.

१९५७ मध्ये हे कार्य जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या परिसरात गेले. वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये पेटून उठलेला हा समाज शाळेकडे सहजासहजी वळणारा नव्हता. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळी, मुलगा गुरांमागे जाई. ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्यामुळे कडेवरचे भावंड हा थोरलीच्या शिक्षणातील अडथळा उरला नाही. गुराख्यांसाठी कुरणावरच शाळा भरविण्यात आली, तीच कुरणशाळा. मुलाच्या श्रमाला दोष न देता त्याच्या दिनक्रमात शिक्षणाला जागा शोधणे, ही या योजनेची दृष्टी होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना आरंभली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. एका वस्तीतील शब्द देशभर पोचला, ही सामान्य घटना नव्हे. परंतु पोषण आहार, लसीकरण, नोंदवह्या आणि बालशिक्षण असा सारा भार ज्या सेविकेवर आला, तिला शासनाने कर्मचारी न मानता मानसेवी ठरविले. नाव घेतले गेले, साधनांचा साधेपणाही घेतला गेला. त्या साधेपणाला पेलणारी शिक्षिका घडविण्याचा खर्च मात्र त्याच मापाने उचलला गेला नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मान्य केला आणि २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ नावाची खेळसाहित्याची पेटीही आली. बोर्डी-कोसबाडचा इतिहास अशा वेळी एक कसोटी हाती देतो. पेटीत काय आहे यापेक्षा ती उघडणाऱ्या हातांना काय शिकविले गेले आहे, यावर मुलाचे शिक्षण अवलंबून राहते. शिंपला स्वस्त होता; तो मुलाच्या हाती केव्हा द्यावा आणि आपण केव्हा गप्प राहावे, हे ज्ञान कधीच स्वस्त नव्हते.