इशीच्या हातची काच

प्राचीन हत्यारे आज पुन्हा घडवून पाहणे, त्यांची धार आणि त्यांवरील झिजेच्या खुणा तपासणे, ही पुरातत्त्वविद्येची एक मान्य शाखा आहे. दगडाच्या छिलक्यांनी बोटे रक्ताळून घेणारे विद्यार्थी पाहिले की आम्हांला इशी आठवतो.

कॅलिफोर्नियातील याही लोकांचा हा शेवटचा माणूस. सुवर्णशोधकांच्या मागोमाग आलेल्या वसाहतवाल्यांनी त्याच्या लोकांची कत्तल केली. उरलेली मूठभर माणसे डीअर क्रीकच्या रानात चाळीसेक वर्षे लपून राहिली. १९०८ साली भूमापकांची एक टोळी त्यांच्या वस्तीवर येऊन धडकली आणि तिथल्या वस्तू उचलून घेऊन गेली. ऑगस्ट १९११ मध्ये तो ओरोव्हिल गावाजवळ एकटाच, उपाशी सापडला. स्वतःचे नाव परक्याला सांगायचे नाही हा त्याच्या लोकांचा रिवाज. म्हणून मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हटले. याना भाषेत त्याचा अर्थ केवळ 'माणूस'.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात तो राहिला आणि रविवारी प्रेक्षकांपुढे बाणांची टोके घडवू लागला. तळहातावर चामडे, त्यावर काचेचा तुकडा, आणि लांब दांड्याला बांधलेल्या अणकुचीदार टोकाचा कडेवर दाब. एकेक कपची निघे. ठोकण्यापेक्षा दाबण्याचेच हे काम. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. जुनिपरच्या लाकडाला पाठीमागून हरणाचे स्नायुतंतू चिकटवून केलेले धनुष्य त्यांनी समजून घेतले, आणि पुढे संग्रहालयांतील धनुष्येही ताणून, बाण किती लांब जातो हे मोजून पाहिले. १९२३ साली त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगात्म पुरातत्त्वाचा हा एक आरंभच म्हणायचा.

वर्तमानपत्रांनी मात्र त्याला 'अश्मयुगीन माणूस' ठरवले. आम्हांला हे मान्य नाही. त्याच्या हातातली काच बाटलीची होती! गोऱ्यांच्या टाकून दिलेल्या वस्तूंतून काच आणि लोखंड वेचायला त्याचे लोक केव्हाच शिकले होते. पुढे १९९० च्या दशकात स्टीव्हन शॅकली यांनी त्याची बाणाग्रे मोजली, तेव्हा ती जुन्या याही बाणाग्रांपेक्षा शेजारच्या विंटू-नोमलाकी लोकांच्या बाणाग्रांशी अधिक जुळली. म्हणजे 'शुद्ध याही' म्हणून पोप जे शिकले, त्यातच शेजाऱ्यांचा, कदाचित नातलगांचाही, हात होता. संकटात विखुरलेल्या लोकांनी एकमेकांकडून शिकावे यात नवल कसले? नवल वाटते ते आपल्या शुद्धतेच्या हट्टाचे.

मार्च १९१६ मध्ये क्षयाने इशी गेला. न्यूयॉर्कला असलेल्या क्रोबर यांनी शवविच्छेदनाला पत्राने विरोध केला होता. ते तरीही झाले. मग त्याच क्रोबरांनी त्याचा मेंदू स्मिथसोनियनला पाठवला. तो २००० साली आदिवासी वारसदारांच्या हाती परत आला. बाणाग्रे बर्कलीच्या संग्रहालयात आहेत. त्यांतली काही बाटलीच्या काचेची.