काचेच्या पेटीबाहेरची आई

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पेटीत ठेवून जगवण्याची पद्धत १८८०च्या सुमारास पॅरिसमध्ये सुरू झाली. तिथल्या मातेर्निते रुग्णालयातील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी प्राणिउद्यानात कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहिले आणि तशीच उबदार पेटी बाळांसाठी बनवून घेतली. दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू त्यानंतर ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आल्याची नोंद आहे. बाळ वाचू लागले, पण त्यासाठी ते आईच्या कुशीतून उचलून दुसरीकडे न्यावे लागले. नवजात अतिदक्षता विभागाच्या दारात आज दिसणारी आईची घालमेल तेव्हापासूनची आहे.

तार्निए यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांच्या हे लवकर लक्षात आले. ज्या आईला बाळाला अंगावर पाजता येत नाही, जवळ घेता येत नाही, तिची बाळाविषयीची ओढ ओसरू लागते, असे त्यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदवले. पेटीला काच असावी, म्हणजे आईला बाळ दिसेल. आईने रुग्णालयात येऊन दूध पाजावे, हा त्यांचा आग्रह होता. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत रुग्णालयांनी पेटी स्वीकारली आणि हा आग्रह मात्र सोडून दिला. ही या इतिहासातली सर्वांत महागात पडलेली विस्मृती म्हणावी लागेल.

ब्युदँचा शिष्य म्हणवणाऱ्या मार्टिन कूनीने तर अशा बाळांचे प्रदर्शनच मांडले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९०३ पासून १९४३ पर्यंत लोक तिकीट काढून ती पाहायला येत. त्या पैशांतून उपचार होत, पालकांकडून काही घेतले जात नसे आणि हजारो बाळे त्यामुळे जगली. आयांना आत येण्याचा मोफत पास असे, बाळाचे काही करण्याची मुभा मात्र नसे. बरे झालेले बाळ घरी न्यायला पालकांचे मन वळवावे लागे, असेही नोंदले गेले आहे.

१९२२ मध्ये शिकागोत ज्युलियस हेस यांनी अशा बाळांसाठी स्वतंत्र विभाग उभारला आणि अमेरिकेत ही देखभाल प्रदर्शनातून रुग्णालयात येऊ लागली. प्रतिजैविके हाताशी नसलेल्या त्या काळात एका बाळाचा संसर्ग साऱ्या खोलीत पसरे. म्हणून दार बंद, येणेजाणे बंद. त्या भीतीला आधार होता. प्रतिजैविके आल्यावरही दार बंदच राहिले, याला मात्र सवयीपलीकडे कारण सापडत नाही. आई आठवडेच्या आठवडे खिडकीतून बाळ पाही आणि एके दिवशी अनोळखी मूल हातात घेऊन घरी जाई.

हे बदलले ते साठच्या दशकात. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डमध्ये मार्शल क्लाउस आणि सहकाऱ्यांनी आयांना हात धुऊन, गाऊन घालून आत येऊ दिले, बाळाला स्पर्श करू दिला. संसर्ग वाढला नाही. हे निष्कर्ष १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोता येथे पेट्या अपुऱ्या पडत असताना एदगार रेय सानाब्रिया यांनी बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधण्याची ‘कांगारू’ पद्धत सुरू केली. मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली. अमेरिकेत मार्गारेट माइल्स यांनी या विभागातील पालकांचा ताण मोजण्याची प्रश्नावली तयार केली. यंत्रांचे आवाज आणि नळ्यांनी वेढलेले बाळ तर छळतेच, पण आपल्या बाळासाठी आपल्याला काहीच करता येत नाही, ही भावना आईला बहुधा सर्वाधिक छळते, असे या प्रश्नावलीच्या आधारे झालेल्या अनेक अभ्यासांत आढळले.

२०२० मध्ये करोनाची साथ आली आणि नेमकी हीच जखम पुन्हा उघडी पडली. विविध देशांतील २७७ नवजात विभागांच्या पाहणीत, पालकांना चोवीस तास थांबू देणाऱ्या विभागांचे प्रमाण ८३ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर आले. कुठे आई किंवा वडील यांपैकी एकालाच प्रवेश, कुठे ठरलेल्या वेळेपुरताच. बाधित आईचे बाळ जन्मताच दूर न्यावे, असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एप्रिलमध्ये दिला आणि जुलैमध्ये बदलला. जागतिक आरोग्य संघटना मात्र सुरुवातीपासून आई-बाळाला एकत्र ठेवा, स्तनपान चालू द्या, असे सांगत होती.

महाराष्ट्रातील बाळंतिणीची कोंडी आणखी वेगळी होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचे, आईने-आजीने न्हाऊमाखू घालायचे, बाळ-बाळंतिणीला एकाच खोलीत जपायचे, ही इथली रीत. टाळेबंदीत माहेर दुरावले. मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद झाली. उपनगरातल्या आईला घरी सोडल्यावर आत राहिलेल्या बाळासाठी रोज दूध घेऊन जाणे हेच दिव्य झाले. ताणाने पान्हा अडतो, दूध कमी आले की अपराधीपणा वाढतो आणि त्याने ताण. प्रसूतीनंतर शरीर सावरत असताना आणि झोप उडालेली असताना या फेऱ्यात सापडलेल्या आईला भित्री किंवा हळवी म्हणणे हा अन्याय आहे.

आईला बाहेर ठेवण्याची किंमत किती, याचा पुरावा तोवर तयार होता. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियात साथीआधी एक मोठी चाचणी चालू होती. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी ठेवले जाई. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागातच होती. या गटात मृत्यू इतके कमी झाले की जानेवारी २०२० मध्ये चाचणीत नवी बाळे घेणे मुदतीआधीच थांबवावे लागले. मे २०२१ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले: आईजवळच्या गटात १२ टक्के मृत्यू, नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला गेला की, कांगारू पद्धत सर्वत्र पोहोचली तर सव्वा लाखाहून अधिक बाळे वाचतील. उलट आईजवळ राहिल्याने करोनाने दगावणाऱ्या बाळांची संख्या २,०००हून कमी राहील.

नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी नवी शिफारस केली: छातीशी धरण्याची सुरुवात जन्मानंतर लगेच व्हावी आणि अतिदक्षता विभागातील देखभालीत कुटुंबाला सामावून घ्यावे.