शंभर यार्ड

धूम्रपानबंदी म्हटलं की आपल्याला भिंतीवरची पाटी आठवते. त्या पाटीमागे एक मुंबईकर आहे, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, आगगाड्या अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. मुद्दा साधा होता. जो ओढत नाही, त्याने दुसऱ्याचा धूर का गिळावा?

२००३ मध्ये कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलांना विक्री नाही, शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांत (साधारण ९१ मीटर) तर कुणालाच नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागांचे नियम कडक झाले. २०१९ मध्ये ई-सिगारेटच्या विक्रीवरही बंदी आली.

मला या सगळ्यात शंभर यार्डांचं कलम मोलाचं वाटतं. दंड ओढणाऱ्याला आवरतो, हे कलम अजून न ओढलेल्या पोराला वाचवतं. पण दंडाची पावती फाडायला माणूस असतो, अंतर मोजायला कोण येणार? मंडळी, नातवंडांच्या शाळेच्या फाटकापासून जवळच्या टपरीपर्यंत एकदा पावलं मोजून बघा. शंभराच्या आत भरली, तर मुख्याध्यापकांना लेखी कळवा.