मत ‘चूक’ असतं का? ‘राऊ’च्या वाचकांकडून शिकलेला धडा



पीएच.डी.ची तयारी करताय ना? मग आज माझ्या दोन चुका सांगते. तुमच्या तरी टळतील.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या वाचकांवर संशोधन करतेय. पहिली कादंबरी निवडली ती ना. सं. इनामदारांची ‘राऊ’. १९७२ सालची, बाजीराव-मस्तानीच्या प्रेमाची. चाचणी मुलाखती घ्यायला लांब कशाला जायचं? देवळाली कॅम्पात आमच्या घरी आईची भिशी असते, तिथेच वही उघडली.

मतं भराभर आली. “मस्तानी नाचणारी नव्हतीच, छत्रसालाची मुलगी होती.” “विडा खाल्ला की गळ्यातून रस उतरताना दिसायचा म्हणे!” “काशीबाईचं कोणी विचारलं का?” तोफखान्यातून निवृत्त झालेले एक काका चहा घेता घेता म्हणाले, “प्रेम ठीक आहे, पण पालखेडबद्दल बोला.”

मी काय केलं? तक्ता आखला आणि प्रत्येक मतापुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ लिहून मोकळी झाले.

आता आपल्याला नक्की काय माहीत आहे ते बघा. १७२९ मध्ये महंमदखान बंगशाच्या वेढ्यात सापडलेल्या छत्रसालाच्या मदतीला बाजीराव बुंदेलखंडात गेला. मस्तानी पुढे पुण्यात आली. बाजीराव मोहिमेवर असताना घरच्यांनी तिला अटकेत ठेवलं. २८ एप्रिल १७४० ला तो नर्मदाकाठी रावेरखेडीला वारला, तीही त्याच वर्षी गेली. तिची कबर पाबळला आहे. मुलगा समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतानंतर मरण पावला. ती छत्रसालाची मुलगी होती की दरबारातली कलावंतीण, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ दरम्यान पेशवे दप्तराचे ४५ खंड संपादित केले. त्यात मोहिमा आणि हिशेब भरपूर, पण मस्तानीच्या मनात काय चाललं होतं ते तिथे सापडत नाही. कादंबरी शिरते ती नेमकी या मोकळ्या जागेत.

तक्ता सरांना दाखवला. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. एक मावशी म्हणाल्या होत्या, “मस्तानीला घरात घ्यायलाच हवं होतं.” पुढे माझा शेरा: ‘ऐतिहासिक माहिती अपुरी’. सरांनी एवढंच विचारलं, “तू ऐकायला गेली होतीस की पेपर तपासायला?”

घरी आल्यावर आईला विचारलं. ती म्हणाली, “अगं, त्यांचं लग्न आंतरजातीय. सासरचा उंबरा ओलांडायला त्यांना बरीच वर्षं लागली.” मला ते माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मावशी १७४० बद्दल बोलत नव्हत्याच. आणि मी त्यांना नापास करून आले होते!

दुसरी चूक तर खास नाशिककरांची. काकांचं पालखेड म्हणजे आपल्या दिंडोरी तालुक्यातलं, धरणाचं गाव असं मी धरून चालले. बाजीरावाने फेब्रुवारी १७२८ मध्ये निजामाला कोंडीत पकडलं ते पालखेड वैजापूर तालुक्यातलं. म्हणजे इतरांची माहिती अपुरी ठरवणारी मी स्वतःच नकाशा न बघता बसले होते.

तर यातून तुम्ही काय घ्यायचं?

एक, थर वेगळे ठेवा. १७४० चा कागद, १९७२ ची कादंबरी आणि २०१५ चा ‘बाजीराव मस्तानी’ हा तिच्यावर बेतलेला चित्रपट, हे तीन वेगळे पुरावे आहेत. वाचकाच्या बोलण्यात ते मिसळून येतात. म्हणून पुस्तक आधी वाचलं की सिनेमा आधी पाहिला, हे विचाराच.

दोन, विधान आणि मत वेगळं करा. ‘ती छत्रसालाची मुलगी होती’ हे विधान. ते कागदांवर तपासा. ‘घरात घ्यायला हवं होतं’ हे मत. त्यापुढे ‘असं का वाटलं?’ एवढंच लिहा.

तीन, नमुना कुठला ते कबूल करा. आईची भिशी म्हणजे महाराष्ट्र नव्हे. ती प्रश्नावलीची चाचणी होती, निष्कर्ष नव्हे.

मी मावशींकडे परत गेले. या वेळी प्रश्न एकच होता आणि वही बंद होती. दोन तास बोलल्या. त्यांच्या परवानगीने, नाव न घालता, माझं तिसरं प्रकरण आता तिथूनच सुरू होतं.

तुमच्या तक्त्यात ‘चूक’ असा रकाना असेल, तर आज एकदा उघडून बघा. त्यात कोण बसलंय?