पत्त्याची नोंद आणि परक्याचे स्थान : अमेरिकेतील परकीय-नोंदणीचा इतिहास (१८९२ ते २०२५)

माणसाचा पत्ता ही वरवर पाहता अत्यंत साधी बाब आहे. गावाचे नाव, टपाल कचेरी, तालुका आणि जिल्हा एवढे लिहिले की ‘मुक्काम पोस्ट’ पूर्ण होते आणि पत्र इष्ट स्थळी पोहोचते. मात्र ज्याला राज्यसंस्था ‘परकीय’ ठरवते, त्याच्या बाबतीत पत्ता ही केवळ टपालाची सोय राहत नाही. ती एक कायदेशीर जबाबदारी बनते. घर बदलले, पण कळवले नाही, एवढ्यानेच तो अपराधी ठरू शकतो. मराठीतील ‘बेपत्ता’ हा शब्द या संदर्भात सूचक आहे. व्यवहारात आपण तो नाहीशा झालेल्या माणसासाठी वापरतो. परकीय-नोंदणीच्या कायद्यात मात्र स्वतःच्या घरात राहणारा, नित्य कामावर जाणारा माणूसही सरकारी दप्तराच्या दृष्टीने बेपत्ता असू शकतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परकीय रहिवाशांनी आपला पत्ता सरकारला कळवावा, हा नियम कसा घडला, कसा बदलला आणि त्याचा भार कोणावर पडला, याचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. पत्ता कळवणे हे रहिवाशाचे कर्तव्य असेल, तर तो नोंदवणे, त्याची पोच देणे आणि ती माहिती कोणत्या हेतूने वापरली जाईल हे स्पष्ट करणे, हे राज्यसंस्थेचे कर्तव्य होय. या दोन कर्तव्यांचा तोल जेथे ढळला, तेथे नोंदणीचा नियम शिक्षेचे साधन बनला, असे या इतिहासावरून दिसते.

पूर्वपीठिका : चिनी मजुरांचे दाखले

या इतिहासाचा आरंभ बहुधा १९४० पासून मानला जातो. तथापि त्याची मुळे त्यापूर्वीच्या अर्धशतकात आहेत. ५ मे १८९२ रोजी संमत झालेल्या ‘गिअरी कायद्या’ने अमेरिकेतील चिनी मजुरांवर रहिवासाचा दाखला मिळवण्याची सक्ती केली. एका वर्षाच्या मुदतीत दाखला न घेणाऱ्यास अटक व हद्दपारी यांना तोंड द्यावे लागणार होते. दाखला का घेता आला नाही, याचे कारण सिद्ध करताना किमान एका गोऱ्या साक्षीदाराची साक्ष आवश्यक मानली होती. म्हणजे चिनी माणसाच्या रहिवासाला चिनी शेजाऱ्याची साक्ष पुरेशी नव्हती.

चिनी समाजाच्या संघटनांनी नोंदणी न करण्याचे आवाहन केले आणि मोठ्या संख्येने लोकांनी ते पाळले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८९३ च्या ‘फाँग यू टिंग’ खटल्यात पाच विरुद्ध तीन अशा मताधिक्याने न्यायालयाने कायदा वैध ठरवला. हद्दपारी ही गुन्ह्याची शिक्षा नसून राष्ट्राच्या सार्वभौम अधिकाराचा भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. हे तत्त्व पुढील सर्व नोंदणी-नियमांचा पाया ठरले. हद्दपारी ही शिक्षाच नसेल, तर फौजदारी खटल्यातील आरोपीला मिळणारी संरक्षणे परकीय रहिवाशाला मिळण्याचे कारणच उरत नाही.

१९४० : टपाल कचेरीतील नोंदणी

दुसऱ्या महायुद्धाच्या छायेत ही सक्ती एका वंशापुरती न राहता सर्व परकीयांना लागू झाली. त्यापूर्वी १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने स्वतंत्र कायदा करून परकीयांना दरवर्षी नोंदणी, एक डॉलर शुल्क आणि ओळखपत्र जवळ बाळगणे बंधनकारक केले होते. जानेवारी १९४१ मध्ये ‘हाइन्स विरुद्ध डेव्हिडोविट्झ’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा अंमलात आणता येणार नाही असा निर्णय दिला. परकीयांची नोंदणी हा संघराज्याचा विषय असून, केंद्रीय कायदा झाल्यावर घटक राज्यांना तेथे वेगळी व्यवस्था उभारता येत नाही, असा त्याचा आशय होता.

हा केंद्रीय कायदा म्हणजे २८ जून १९४० चा परकीय-नोंदणी कायदा. राजद्रोही प्रचाराविरुद्धच्या कलमांमुळे तो ‘स्मिथ कायदा’ या नावाने अधिक परिचित आहे. २७ ऑगस्ट ते २६ डिसेंबर १९४० या चार महिन्यांत चौदा वर्षे व त्यावरील वयाच्या प्रत्येक परकीयाने जवळच्या टपाल कचेरीत जाऊन प्रश्नावली भरावी आणि बोटांचे ठसे द्यावेत, अशी योजना होती. चौदा वर्षांखालील मुलांची नोंदणी पालकांनी करायची होती. नोंदणीनंतर क्रमांक असलेले पोचपत्र टपालाने घरी येई. पुढे कायम रहिवाशाने घर बदलल्यास पाच दिवसांत नवा पत्ता कळवणे आवश्यक होते. सुमारे ५० लाख लोकांनी नोंदणी केली.

एवढा प्रतिसाद मिळण्यामागे केवळ शिक्षेचे भय होते, असे म्हणणे अपुरे ठरेल. नोंदणी हा निष्ठावान परकीयांवरील कलंक नसून ती त्यांच्याही संरक्षणासाठी आहे, अशी भूमिका अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जाहीरपणे मांडली होती. नोंदणीसाठी पोलीस ठाण्याऐवजी परिचित टपाल कचेरी निवडली गेली. विशेष म्हणजे याच कायद्याने काही पात्र व्यक्तींची हद्दपारी स्थगित करण्याचा अधिकार अॅटर्नी जनरलला दिला. कागदपत्रांत दोष असलेल्या माणसालाही पुढे येऊन नोंद करण्यात काही अर्थ वाटावा, अशी एक वाट त्यामुळे कायद्यातच निर्माण झाली.

याच नोंदणीची दुसरी बाजूही लवकरच दिसली. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर जर्मन, इटालियन व जपानी नागरिक ‘शत्रुराष्ट्रीय परकीय’ ठरले. १९४२ च्या आरंभी त्यांना पुन्हा ओळखपत्रे घ्यावी लागली आणि प्रवास व स्थलांतर यांवर निर्बंध आले. इटालियनांना त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये या वर्गातून वगळण्यात आले. जपानी रहिवाशांच्या वाट्याला मात्र छावण्या आल्या. काल ‘पाहुणा’ म्हणून दिलेली नोंद आज ‘शत्रू’ या शीर्षकाखाली जाऊ शकते आणि त्यासाठी माणसाला स्वतः काहीही करावे लागत नाही, हे या अनुभवातून स्पष्ट झाले.

नागरिकत्वाविना भारतीय

१९४० च्या नोंदणीत अमेरिकेतील भारतीयांचे स्थान विशेष बिकट होते. त्या वर्षीच्या जनगणनेनुसार त्यांची संख्या अवघी २,४०० च्या आसपास होती. युरोपीय परकीयाला नागरिकत्व घेऊन नोंदणीच्या बंधनातून मुक्त होता येत असे. भारतीयांसाठी ती वाट १९२३ मध्ये ‘भगतसिंग थिंड’ खटल्याने बंद केली होती. कायद्यातील ‘गोरा’ या शब्दाच्या सामान्य अर्थात हिंदी माणूस बसत नाही, असा तो निर्णय होता. त्यानंतर आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घेण्याचे प्रयत्न झाले. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांना १९१४ मध्ये नागरिकत्व मिळाले होते. त्यांच्यावरही असा दावा झाला. आधीच्या निर्णयावर विसंबून आपण आयुष्याची उभारणी केली आहे, त्यामुळे तो आता उलटवणे अन्यायाचे होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ते वाचले; इतर अनेकांना ते भाग्य लाभले नाही.

जुलै १९४६ च्या ‘ल्यूस-सेलर’ कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला शंभर जणांचा प्रवेश-कोटा मिळाला. तोपर्यंत दशकानुदशके अमेरिकेत राहिलेला भारतीय शेतकरी किंवा व्यावसायिक कायद्याच्या दृष्टीने कायमचा परकाच होता.

जानेवारीचे कार्ड

शीतयुद्धाच्या वातावरणात १९५० मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून अंतर्गत सुरक्षा कायदा संमत झाला. त्याने परकीयांवर दरवर्षी जानेवारीत पत्ता कळवण्याची सक्ती केली. पत्ता बदललेला नसला तरी हे कार्ड भरावे लागे. १९५२ च्या स्थलांतर व नागरिकत्व कायद्याने ही तरतूद कायम ठेवली आणि पत्ता बदलल्यास दहा दिवसांत कळवावे, असा नियम केला. कळवण्यात कसूर झाल्यास २०० डॉलरपर्यंत दंड किंवा तीस दिवसांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. शिवाय कसूर क्षम्य होती किंवा हेतुपूर्वक नव्हती हे सिद्ध न झाल्यास हद्दपारीची तरतूदही होती. दंडाची रक्कम किरकोळ, पण त्याच चुकीपोटी घरदार गमावण्याचा धोका, असे हे विषम प्रमाण होते.

१९६५ च्या कायद्यानंतर भारतातून गेलेल्या डॉक्टर, अभियंते व प्राध्यापकांच्या पहिल्या पिढीने, आणि त्यांत मराठी कुटुंबेही होती, नागरिकत्व मिळेपर्यंत हे जानेवारीचे कार्ड भरले. १९८१ च्या दुरुस्तीने ही वार्षिक सक्ती रद्द झाली. लक्षावधी कार्डे गोळा करण्यापेक्षा ती वापरण्याजोगी ठेवणे अवघड असते, हे एव्हाना ध्यानात आले होते. योगायोग असा की, याच वर्षी उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना एकत्र आणणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. दहा दिवसांचा नियम मात्र पुस्तकात राहिला. पुढील दोन दशके त्याची अंमलबजावणी क्वचितच होत असे आणि अनेक रहिवाशांना तो ठाऊकही नव्हता.

२००२ : विस्मृत नियमाचे पुनरुज्जीवन

सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर परिस्थिती पालटली. जुलै २००२ मध्ये हा जुना नियम कठोरपणे राबवण्याचा मानस न्याय खात्याने जाहीर केला. ‘एआर-११’ या छोट्या अर्जासाठी एकाएकी झुंबड उडाली. व्हिसाधारक विद्यार्थी, प्रकल्पागणिक शहर बदलणारे संगणक अभियंते, वीस वर्षे स्थायिक असलेले ग्रीन कार्डधारक अशा सर्वांना हा नियम लागू होता. कुटुंबातील प्रत्येक परकीय सदस्याचा अर्ज स्वतंत्र भरावा लागे. या अर्जाची पोच मिळत नसे. त्यामुळे अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि त्याची पावती जपून ठेवा, असा सल्ला वकील देत. आपण कर्तव्य केले याचा पुरावाही नागरिकेतरानेच सांभाळायचा, असा याचा अर्थ होता.

दुसरीकडे, पत्ताबदलाचे सुमारे दोन लाख अर्ज नोंद न होता कॅन्सस सिटीजवळच्या भूमिगत कोठारात पडून असल्याचे वृत्त त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. ज्या खात्याने न कळवणाऱ्याला हद्दपार करण्याचा अधिकार सांगितला, त्याच खात्याने कळवणाऱ्यांचे कागद उघडले नव्हते. सप्टेंबर २००२ पासून २५ देशांतील पुरुषांसाठी ‘विशेष नोंदणी’ सुरू झाली. उत्तर कोरिया वगळता हे सर्व मुस्लिमबहुल देश होते. त्यांत पाकिस्तान व बांगलादेश होते, भारत नव्हता. स्वतःहून कचेरीत हजर झालेल्यांपैकी १३,००० हून अधिक लोकांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. देशांची यादी २०११ मध्ये निलंबित झाली आणि मूळ नियम डिसेंबर २०१६ मध्ये रद्द करण्यात आला.

या ठिकाणी पत्त्याच्या नोंदीचे एक दुर्लक्षित अंग लक्षात घेतले पाहिजे. हद्दपारीच्या सुनावणीची नोटीस दप्तरातील शेवटच्या पत्त्यावर जाते. ती जुन्या घरी पोहोचली आणि माणूस हजर राहिला नाही, तर त्याच्या अनुपस्थितीत आदेश होऊ शकतो. म्हणून पत्त्याची अचूक नोंद ही जशी शासनाची गरज आहे, तशीच ती रहिवाशाच्या बचावाच्या हक्काचीही पूर्वअट आहे. न उघडलेला अर्ज केवळ कार्यालयीन दिरंगाई नसतो. त्यामुळे एखाद्याची सुनावणीच हिरावली जाऊ शकते.

अन्य देशांतील प्रतिबिंब

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. जपानमध्ये २८ एप्रिल १९५२ रोजी, शांतता-तह अंमलात आला त्याच दिवशी, तेथील कोरियन रहिवाशांचे जपानी राष्ट्रीयत्व संपले आणि परकीय-नोंदणी कायदा लागू झाला. ज्यांनी घर बदलले नव्हते, तेही एका दिवसात परके झाले. बोटांच्या ठशांविरुद्ध १९८० च्या दशकात मोठे आंदोलन झाले. १९९३ मध्ये कायम रहिवाशांसाठी आणि २००० मध्ये सर्वांसाठी या कायद्यातील ठशांची सक्ती संपली. २०१२ मध्ये तो कायदाच रद्द होऊन परकीयांची नोंद नागरिकांप्रमाणे स्थानिक पालिकेच्या रहिवासी-नोंदवहीत होऊ लागली.

भारतात परकीय-नोंदणी कायदा १९३९ मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या एक वर्ष आधी झाला. त्याच्या जोडीला १९४६ चा विदेशी व्यक्ती कायदा आला. हॉटेलात उतरणाऱ्या परदेशी पाहुण्यांचा ‘सी फॉर्म’ ही त्याच व्यवस्थेची परिचित खूण. स्वातंत्र्यानंतर १९५७ च्या दुरुस्तीने ‘भारताचा नागरिक नसलेला’ अशी परकीयाची व्याख्या झाली. वसाहतकालीन हे कायदे २०२५ च्या नव्या कायद्याने रद्द झाले आणि तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. नोंदणीचे तत्त्व मात्र कायम राहिले.

समारोप

अमेरिकेत ११ एप्रिल २०२५ पासून, पूर्वी नोंद न झालेल्या चौदा वर्षांवरील परकीयांसाठी नवा नोंदणी-अर्ज लागू झाला. त्याचा कायदेशीर आधार १९४० पासून चालत आलेली नोंदणीची तरतूद हाच आहे. कायद्याची भाषा बरीचशी तीच असली, तरी तिच्यामागील आश्वासन बदललेले दिसते. १९४० मध्ये नोंदणीबरोबर हद्दपारी स्थगित होण्याची शक्यता जोडलेली होती. २०२५ मध्ये नोंदणी ही देश सोडायला लावण्याच्या जाहीर धोरणाचा भाग म्हणून आली. त्यामुळे कागदपत्रे नसलेल्या माणसापुढे असा पेच उभा राहिला की, नोंद केली तर ठावठिकाणा उघड होतो आणि न केली तर तोच अपराध ठरतो.

या सव्वाशे वर्षांवरील इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, नोंदणीला मिळणारा प्रतिसाद शिक्षेच्या धाकापेक्षा माहितीच्या वापराविषयीच्या विश्वासावर अधिक अवलंबून असतो. दुसरी, जो नियम सर्वांना लागू पण क्वचितच राबवला जातो, तो प्रसंगी निवडक लोकांवर उगारला जातो. तिसरी, पोच न देणारी नोंदणी अपुरी होय, कारण तीत कर्तव्य एका बाजूचे आणि दप्तर दुसऱ्या बाजूचे राहते. परक्याला पत्ता विचारण्याचा अधिकार कोणत्याही राज्यसंस्थेला नाकारता येणार नाही. पण पत्ता सांगणारा माणूस त्या क्षणी राज्यसंस्थेवर विश्वास टाकत असतो. तो कागद उघडून नोंदवणे आणि त्याची पोच त्याच्या हाती देणे, एवढी तरी त्या विश्वासाची परतफेड व्हायला हवी.