न सुटणारे आटे

मराठीतला 'आटे' हा शब्द मोठा गमतीचा आहे. नटबोल्टाला आटे असतात, तसे माणसालाही असतात! कुणी विचित्र वागायला लागलं की "ह्याचे आटे ढिले झालेत" असं आपण सहज म्हणतो. आजचा विषय मात्र ढिल्या आट्यांचा नाही, न सुटणाऱ्या आट्यांचा आहे. जुन्या जीपच्या दरवाज्याच्या बिजागरीत गंजून बसलेले बोल्ट! मास्तर म्हातारपणी गॅरेज काढणार की काय, असं आमच्या नातेवाईक मंडळींना वाटेल. तसं काही नाही. पण ह्या बोटभर लांबीच्या वस्तूच्या मागे केवढा इतिहास दडलेला आहे हे कळलं, तेव्हा तो तुम्हालाही सांगावासा वाटला.

सुरुवात जीपपासून करू. १९४० साली अमेरिकन लष्कराला कुठंही जाईल अशी हलकी गाडी हवी होती. बँटम कंपनीने पहिला नमुना करून दिला, पण मोठ्या प्रमाणावर उत्पादन केलं ते विलीज आणि फोर्ड ह्या दोन कंपन्यांनी. युद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या तयार झाल्या. गंमत अशी की ह्या युद्धातल्या जीपला दरवाजेच नव्हते. सैनिकाला पटकन उडी मारता यावी म्हणून बाजू उघड्याच असत. दरवाज्याचं कौतुक नागरी जीपपासून सुरू झालं, तेही आधी ताडपत्रीचे, खुंटीत अडकवायचे आणि काढून ठेवायचे. लोखंडी पत्र्याचे आणि बोल्टने पक्के केलेले दरवाजे नंतर आले.

आपल्याकडे ही गाडी आली ती महिंद्र बंधूंमुळे. १९४५ साली 'महिंद्र अँड महंमद' म्हणून कंपनी सुरू झाली. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे आधी अर्थमंत्री आणि मग गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ साली इकडे कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. त्या काळात जीप सुट्या भागांच्या रूपात खोक्यांतून मुंबईच्या बंदरात उतरे आणि माझगावला जोडली जाई. विचार करा, खोक्यात असतं ते नुसतं लोखंडाचं सामान. त्याची जीप होते ती बोल्टांमुळे!

आता ह्या बोल्टांबरोबर एक अदृश्य पाहुणाही भारतात आला. तो म्हणजे अमेरिकन इंच.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेल तर शपथ! इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ ह्या कारागिराने ठिकठिकाणचे बोल्ट जमवले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली एक समान पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, आणि कुठल्या जाडीला इंचात किती आटे हे ठरलेलं. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, ती ह्याच इंग्रजी यंत्रकौशल्याच्या बहराच्या काळात. पुढे १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचा आटा मांडला, कारण तो कापायला आणि तपासायला सोपा. झालं! इंच दोघांचा एकच, पण आटे जुळत नाहीत.

ह्या भांडणाची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. पॅकार्ड ह्या अमेरिकन कंपनीला रोल्स-रॉईसचं मर्लिन विमान इंजिन बनवायचं होतं, तर इंग्रजी आटे पाडायची हत्यारंसुद्धा आधी स्वतः घडवावी लागली. अखेर नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा ह्यांनी ६० अंशांच्या एकाच आट्यावर सह्या केल्या.

आणि आपण? आपण त्याच सुमारास तिसऱ्याच वाटेने निघालो होतो. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, मग किलो आणि मीटर. मी तेव्हा अगदी लहान होतो, पण घरातली मोठी माणसं एक आणा म्हणजे सहा नवे पैसे की सव्वासहा ह्यावर वाद घालत ते आठवतं. कागदावर इंच गेला. मिस्त्रीच्या तोंडातून मात्र तो गेला नाही. आजही सुतार आणि फिटर 'सुता'त बोलतात. एका इंचाचे आठ सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच. आणि जुन्या जीपमध्ये तर दोन्ही मापं शेजारी शेजारी नांदतात! मूळचे बोल्ट इंचातले, आणि चाळीस वर्षांत ठिकठिकाणच्या गॅरेजांनी बदललेले बोल्ट मिलिमीटरमधले.

हे सगळं पुस्तकी ज्ञान वाटेल, म्हणून प्रत्यक्षातली गोष्ट सांगतो. माझ्या थोरल्या बंधूंची, म्हणजे आमच्या आप्पांची, जुनी जीप त्यांच्या पश्चात पुतण्याकडे आली. तो घोडबंदर रोडला ओवळ्याच्या पुढे राहतो. एका हाताला येऊरचा डोंगर, दुसऱ्या हाताला खाडी. सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभ्या असलेल्या जीपला वर्षाचे बारा महिने खाडीचा खारा वारा, आणि पावसाळ्यात डोंगरावरून येणारा पाऊस. बिजागरी ज्या खांबाला असते तो खांब खालून कुजला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, त्यासाठी गाडी धडधाकट दाखवावी लागते. खांब सांधायचा तर दरवाजा उतरवायला हवा, आणि दरवाजा उतरवायचा तर चार बोल्ट सुटायला हवेत. नाहीतर जीप भंगारात.

पहिल्या गॅरेजमध्ये दोन बोल्ट निघाले. तिसऱ्याला पोराने तेरा नंबरचा पाना लावला आणि जोर केला. बोल्टाचं डोकं होतं अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिलिमीटर. फरक फक्त ०.३ मिलिमीटरचा! पण तेवढ्या ढिलाईने षटकोनी डोक्याचे कोपरे झिजले आणि ते सुपारीसारखं गोल झालं. "गॅसने कापू, नाहीतर सोडून द्या" असं उत्तर मिळालं. पुतण्या हिरमुसला. "काका, आप्पांनी हिला किती जपलं होतं..." एवढंच म्हणाला.

मग कुणीतरी एका वयस्क फिटरचं नाव सुचवलं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची उमेद गेलेली. (एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, तिची पहिली वसाहत ती हीच.) ते आले आणि त्यांनी पान्याला हातच लावला नाही! आधी तारेच्या ब्रशने उरलेल्या चौथ्या बोल्टाचं डोकं घासलं. गंजाखालून तीन रेघा दिसल्या. "मास्तर, हा इंचातला. मिलिमीटरचा असता तर डोक्यावर ८.८ असा आकडा असता," ते म्हणाले. लिपी वाचावी तसा त्यांनी बोल्ट वाचला! मी आयुष्यभर मुलांना इतिहासाची साधनं शिकवली, शिलालेख आणि ताम्रपट. बोल्टाच्या डोक्यावरही मजकूर असतो हे सत्तरी उलटल्यावर कळलं.

पुढचे दोन दिवस वाट पाहण्यात गेले. गंज म्हणजे लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी ह्यांचं लग्न. मीठ हा त्यातला मध्यस्थ, काम झटपट उरकून देणारा. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून आट्यांमधली फट भरून जाते आणि बोल्ट पाचरीसारखा आवळतो. त्या फटीत पातळ तेल झिरपायला वेळ द्यावा लागतो. पूर्वी रॉकेल वापरत. डब्ल्यूडी-४० चा फॉर्म्युला १९५३ सालचा, सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने अंतराळ उद्योगासाठी पाणी हटवणारं द्रव्य शोधताना चाळिसाव्या प्रयत्नात साधलेला. नावातला ४० तोच. सकाळ-संध्याकाळ तेल सोडायचं आणि डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यायचे, एवढाच कार्यक्रम.

तिसऱ्या दिवशी दरवाज्याखाली लाकडी ठोकळा दिला, बिजागरीच्या कडेने खूण केली (दरवाजा परत त्याच जागी बसावा म्हणून), आणि अर्ध्या इंचाचा सहा कोपऱ्यांचा पाना बसवला. पहिला झटका उलटा, म्हणजे घट्ट करण्याच्या दिशेने, अगदी थोडा! मग सोडायच्या दिशेने. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. एक बारीकसा 'कुर्र' आवाज झाला आणि बोल्ट फिरला.

गोल डोक्याच्या बोल्टाला विस्तवच हवा होता. बॅटरीची वायर काढली, सांडलेलं तेल पुसून घेतलं, सीट आणि ताडपत्री बाजूला केली आणि बादलीभर पाणी जवळ ठेवलं. मग त्या गोल डोक्यावर एक नवा नट वेल्डिंगने चिकटवला. त्याने दोन कामं झाली. पान्याला कोपरे मिळाले, आणि उष्णतेने गंजाची पकड मोडली. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिलं असेल तुम्ही. लोखंडी धाव शेणींच्या आगीत तापवून फुगवतात, चाकावर घालतात आणि पाणी ओतून आवळतात. नियम तोच, इथे आवळण्याऐवजी सोडवण्यासाठी! निवल्यावर तोही निघाला. परत बसवताना त्यांनी नवे बोल्ट घेतले, तेही आटे मोजून. कारण ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, ८ मिलिमीटरच्या बोल्टाचा जुळा भाऊच दिसतो. पण आटे वेगळे. एकाच्या भोकात दुसरा रेटला की भोकाचे आटे कायमचे गेले. आट्यांना ग्रीस लावलं, आणि दरवाजा खुणेवर बसला.

नव्या गाड्यांत हा प्रश्न संपला असं समजू नका. लँड रोव्हर १९४८ साली आली ती अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं अंग घेऊन, कारण युद्धानंतर इंग्लंडमध्ये पोलादाची टंचाई होती. अॅल्युमिनियम आणि पोलाद ओल्या, खाऱ्या हवेत एकमेकांना चिकटून राहिले की अॅल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी बोल्टाला धरून बसते. २०२१ पासून पुण्याजवळ रांजणगावला जोडणी सुरू झालेल्या रँग्लर जीपचे दरवाजेही अॅल्युमिनियमचे आहेत, हौसेने काढून ठेवण्यासारखे, आणि त्यांच्या बोल्टांना चांदणीच्या आकाराचा खळगा असतो. हा खळगा १९६७ सालचा अमेरिकन शोध. त्यात कचरा भरलेला असताना पाना बसवला तर तोही गोल होणारच. आधी सुईने खळगा साफ करावा.

ह्या सगळ्यातून मला उमगलं ते इतकंच. जुने पूल रिव्हेटांनी जोडलेले असत. रिव्हेट म्हणजे कायमचा निर्णय. बोल्ट घालणारा मात्र पुढच्या माणसासाठी दार उघडं ठेवतो. "तुला कधी हे खोलावं लागेल, तेव्हा खोल" असं तो सांगून गेलेला असतो. तो निरोप वाचता यायला हवा, आणि तो वाचणारी माणसं ठाण्यात कमी होत चालली आहेत. जिथे कारखाने होते तिथे आता मनोरे आहेत. टूलरूममधला तो हात जायच्या आत कुणीतरी त्याच्या शेजारी उभं राहून शिकायला हवं. पुतण्या हल्ली रविवारी त्यांच्याकडे जातो, हे त्यातल्या त्यात समाधान.

असो. लेख लांबला. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी पावसाळ्याआधी बिजागरीचे बोल्ट एकेक करून सोडावेत, ग्रीस लावून पुन्हा आवळावेत. दरवाजा एकदम लोंबकळू देऊ नये. आणि पाना उचलण्याआधी डोकं वाचावं... बोल्टाचं!